डिस्कला मराठीत सरसकट ‘चकती’ म्हणायचं का? (तबकडी, थाळी, गादी, बिंब, वायसर…)

परिभाषा_वही

फिटर आणि मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी शब्दसूचीचं काम चालू आहे. सोबत एक छोटा सामान्यज्ञानाचा भागही आहे. ‘डिस्क’ या एका शब्दावर गाडी अडली. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘चकती’ लावली होती. मग ‘उडती चकती’, ‘चकतीफेक’, ‘आकाशगंगेची चकती’ अशी वाक्यं झाली आणि एकही धड वाचवेना. उलट ‘तबकडी’ लावली तर ब्रेकची तबकडी, मणक्याची तबकडी. तेही चालत नाही.

वस्तू तीच, चपटी आणि गोल. तरी मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द बसतो. आपापल्या क्षेत्रात लोक प्रत्यक्ष काय म्हणतात, ती वस्तू नेमकी काय काम करते, मापं काय असतात, वापरताना कुठे चुकतं, हे सांगाल का? कोशातला शब्द माझ्याकडे आहे, कामावरचा हवा आहे.

---

लेथवरचा

कारखान्यात ‘चकती’ हा शब्द आहे, पण त्याची जागा लहान आहे. सळईतून कापलेला किंवा पत्र्यातून पाडलेला गोल तुकडा, ज्याला अजून काही नाव मिळालेलं नाही, ती चकती. भोक पडलं, नटाखाली गेली, की तिचा वायसर होतो. ‘वॉशर’ लिहिलंत तर पुस्तकी वाटेल, दुकानात मागताना सगळे वायसरच म्हणतात.

साध्या वायसरची मापं सूचीत द्याच, पोरांना रोज लागतात. एम ६ ला (म्हणजे ६ मिमी जाडीच्या बोल्टला) भोक ६.४, बाहेरचा व्यास १२, जाडी १.६ मिमी. एम ८ ला ८.४, १६ आणि १.६. एम १० ला १०.५, २० आणि २. एम १२ ला १३, २४ आणि २.५. मोठ्या भोकाचा वायसर ‘चालतोय’ म्हणून घातला की तो नटाखाली वाटीसारखा दबतो आणि थोड्या दिवसांत नट सैल पडतो. लांबट भोक असेल तर रुंद आणि जाड वायसरच हवा.

क्रम असा: जॉबला (ज्यावर काम चाललंय त्या भागाला) चिकटून साधा वायसर, त्यावर स्प्रिंग वायसर, त्यावर नट. हा क्रम उलटा केला तर स्प्रिंग वायसरची धारदार टोकं जॉबचा पृष्ठभाग खरवडतात. स्प्रिंग वायसरची दोन टोकं एका पातळीत आली असतील तर त्यातला ताण संपला. तो फेकायचा.

तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्या वेळी तेल गळतं. नवा नसेल तर लाल होईपर्यंत तापवून थंड करा, परत मऊ होतो. पाण्यात बुडवा किंवा हवेत ठेवा, तांब्याला फरक पडत नाही. पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, म्हणून मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वायसर मात्र प्रत्येक वेळी नवा घ्यावा.

हँड ग्राइंडरवर जे बसतं त्याला कटिंग व्हील आणि ग्राइंडिंग व्हील म्हणतात. ‘व्हील’ म्हटलं तरी आकार चकतीचाच. ४ इंची, म्हणजे १०० मिमी व्हीलचं भोक आपल्याकडे १६ मिमी असतं. १२५ मिमीचं २२.२३ मिमी. कापायचं व्हील १ ते १.२ मिमी जाड, घासायचं साधारण ६ मिमी. सूचीत शब्दाशेजारी धोकाही लिहा:

– कापायच्या व्हीलच्या बाजूने घासू नये. ते कडेवरचा जोर सहन करण्यासाठी बनवलेलं असतं, बाजूने रेटलं की तडकतं आणि त्याचे तुकडे उडतात.

– व्हीलवर कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे) छापलेले असतात. कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर धरला तर १०० मिमीला सुमारे १५,३०० आणि १२५ मिमीला सुमारे १२,२५० येतात. गार्ड काढून लहान मशीनवर मोठं व्हील चढवणं म्हणजे ही मर्यादा ओलांडणं.

– मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते. आतला डिंक जुना होतो, ओल धरतो. मुदत संपलेलं व्हील नवंकोरं दिसलं तरी वापरायचं नाही.

– नवं व्हील बसवल्यावर अर्धा-एक मिनिट मोकळं फिरवा, आणि तेवढा वेळ त्याच्या रेषेत उभं राहू नका.

गाडीच्या ब्रेकला ‘डिस्क’च म्हणा. गॅरेजमध्ये दुसरा शब्द नाही आणि मुद्दाम घडवायची गरजही नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती मोजताना बहुतेक जण व्हर्निअर कडेवरून लावतात आणि चुकतात. पॅड जिथे घासत नाही तिथे कडेला न झिजलेला उंच काठ राहतो, व्हर्निअर त्याचंच माप दाखवतो. मायक्रोमीटर कडेपासून सेंटिमीटरभर आत धरून गोलावर सहा-आठ ठिकाणी मोजा. ब्रेक दाबल्यावर पेडल धडधडत असेल तर लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी कमीजास्त झालेली असते. हब (डिस्क ज्यावर बसते तो चाकाचा मधला भाग) गंजलेला असताना नवी डिस्क चढवली, की ती किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरमध्ये असं होतं. म्हणून डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने घासून घ्यायचा.

---

सुई_आणि_खाच

लेथवरचा यांच्या उत्तराला जोडून ‘तबकडी’चं सांगतो.

तबक म्हणजे ताट. आरतीचं तबक, विड्याचं तबक. त्याचं लहान रूप तबकडी. तबकावर काहीतरी ठेवलेलं असतं आणि माझ्या मते ‘तबकडी’ची खूण तीच: तिला दर्शनी बाजू असते आणि त्या बाजूवर वाचण्यासारखं काही असतं. घड्याळाच्या तबकडीवर आकडे, फोनच्या तबकडीवर आकडे, गाण्याच्या तबकडीवर खाच. वायसरवर वाचायला काहीच नसतं, म्हणून तो कधीच तबकडी होत नाही. ‘उडती तबकडी’ला हा नियम लागू नाही, तिथे नुसता पालथ्या ताटाचा आकार पाहून नाव पडलं.

जुन्या फोनच्या तबकडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. आकडा फिरवताना नव्हे, तर तबकडी स्प्रिंगने परत येताना ठोके जातात. १ ला एक ठोका, ९ ला नऊ, ० ला दहा, वेग सेकंदाला दहा ठोके. घाईने बोटाने ढकलून ती परत आणली की ठोक्यांचं अंतर बिघडतं आणि चुकीचा नंबर लागतो.

गाण्याची तबकडी. छापील भाषेत ध्वनिमुद्रिका, घरात ‘रेकॉर्ड’. भारतातली पहिली मोठी ध्वनिमुद्रण मोहीम १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग यांनी तिथे गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. पुढची अनेक दशकं ७८ आरपीएमच्या तबकड्या चालल्या. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ख्याल असो की नाट्यपद, ते त्यात बसवावं लागे. बालगंधर्वांची पदं मैफलीत कितीही रंगली तरी तबकडीवर एवढीच मिळतात, त्याचं कारण हे. ३३⅓ आरपीएमची १२ इंची लाँगप्ले तबकडी १९४८ मध्ये आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली.

हाताळताना चुका होतात त्या इथे:

७८ ची तबकडी लाखेची. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं मिश्रण. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाच कायमची जाते. ऊर्ध्वपातित पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल हात, लगेच पुसणं. मधलं कागदी लेबल कोरडं ठेवा. तबकडी हातातून पडली तर फुटते, हेही सांगून ठेवा. कारण नंतरच्या विनाइलच्या तबकड्या फुटत नाहीत आणि तीच सवय हाताला लागलेली असते.

सुई वेगळी लागते. ७८ ची खाच रुंद, तिला सुमारे ७६ मायक्रॉन टोकाची सुई. लाँगप्लेला सुमारे २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घासत खरखर ऐकवते. जाड सुई लाँगप्लेवर ठेवली तर खाच उद्ध्वस्त होते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावायची. ती तबकडीपेक्षा स्वस्त असते, झिजायची ती सुई झिजू दे.

वेग तपासायलाही एक कागदी तबकडीच वापरतात, कडेला काळ्या-पांढऱ्या रेघा असलेली. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. म्हणून ३३⅓ साठी १८० रेघा लागतात, ७८ साठी ७७. वेग बरोबर असला की रेघा जागीच उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. बऱ्याच एलईडी दिव्यांचा उजेड सलग असतो, त्याखाली काहीच कळत नाही. साधा पिवळा बल्ब किंवा निऑन दिवा घ्या.

सीडीलाही तबकडी म्हणायला हरकत नाही. १२० मिमी व्यास, १५ मिमी भोक, १.२ मिमी जाडी. ती आतून बाहेर वाचली जाते, गाण्याची तबकडी बाहेरून आत. पुसायची रीतही वेगळी: सीडी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, गोल नाही. गोल ओरखडा एकाच ठिकाणची सलग माहिती नेतो, आडवा ओरखडा जागोजागी थोडी थोडी, आणि ती यंत्र भरून काढतं. चकाकणाऱ्या बाजूला लोक जपतात, पण जास्त नाजूक असते ती छापील बाजू. चंदेरी थर तिच्या लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेनने नाव लिहिलं की सीडी गेली.

---

मैदानावरून

खेळात शब्द ठरलेला आहे: थाळी, थाळीफेक. संस्कृतात ‘स्थाली’ म्हणजे शिजवायचं भांडं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना, त्याचा संस्कृत ‘स्थालीपुलाकन्याय’ त्याच भांड्यातला. मराठीत ती चपटी होऊन ताट झाली.

पुरुषांची थाळी २ किलो, व्यास २१९ ते २२१ मिमी, मध्यभागी जाडी ४४ ते ४६ मिमी. महिलांची १ किलो, १८० ते १८२ मिमी, ३७ ते ३९ मिमी. २० वर्षांखालील मुलांना १.७५ किलो, १८ खालील मुलांना १.५ किलो. वर्तुळ २.५ मीटर व्यासाचं, थाळी ज्या दोन रेषांच्या आत पडायला हवी त्यांच्यातला कोन ३४.९२ अंश. हा विचित्र आकडा आखणी सोपी व्हावी म्हणून आहे: वर्तुळाच्या मध्यापासून २० मीटरवर दोन रेषांमधलं अंतर बरोबर १२ मीटर येतं. टेप आणि दोन खुंट्या असल्या की मैदान आखून होतं, कोनमापक लागत नाही.

थाळी विकत घेताना ‘कडेचं वजन’ विचारा. वजन जितकं कडेला तितकी ती हवेत जास्त वेळ स्थिर फिरते, पण तेवढा फिरका देता आला पाहिजे. नवशिक्याला जड कडेची थाळी दिली तर ती डगमगत जाते. शाळेत साधी रबरी किंवा लाकडी-लोखंडी थाळीच बरी.

पकड: बोटांची फक्त शेवटची पेरं कडेवर, अंगठा सपाट बाजूवर मोकळा. उजव्या हाताने फेकलेली थाळी तर्जनीवरून सुटते आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती करंगळीकडून सुटत असेल तर मनगट वळतंय. मूठ आवळली तरी फिरका मरतो. आणखी एक: भाला-गोळ्याच्या सवयीने मुलं पाठीवरच्या वाऱ्याची वाट पाहतात. थाळीला बेताचा समोरचा वारा फायद्याचा, कारण तो तिला खालून उचलून धरतो.

२०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया यांनी ६१.५१ मीटरवर सुवर्ण घेतलं, तेव्हापासून हा शब्द मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही.

---

कण्याची_भाषा

मणक्यांच्या मधल्या डिस्कला रुग्ण गादी म्हणतात, पाठ्यपुस्तकं चकती म्हणतात. मी गादीच्या बाजूने. चकती म्हटली की कडक पत्रा डोळ्यांसमोर येतो. ही वस्तू बाहेरून चिवट तंतूंच्या कड्यांची आणि आत पाणीदार गराची असते. काम दाब पेलायचं आणि कणा वाकू द्यायचं. अशा २३ असतात. पहिल्या दोन मणक्यांच्या मध्ये नसते. दिवसभर उभं राहून त्यातलं पाणी थोडं निघतं आणि रात्री झोपल्यावर परत भरतं, म्हणून सकाळी उंची सेंटिमीटरभर जास्त भरते.

फक्त ‘गादी सरकली’ हे सूचीत घेऊ नका. ती ड्रॉवरसारखी सरकत नाही, दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. बाहेरचं कडं चिरतं आणि आतला गर फुगून मागच्या नसेला लागतो. ‘गादी फुगली’ किंवा ‘गादी फाटून गर बाहेर आला’ हे खरं वर्णन. ‘सरकली’ ऐकून लोक ती ‘बसवून’ घ्यायला जातात, हे त्या शब्दाचं खरं नुकसान. कंबरेत हे बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांना होतं आणि कळ नितंबापासून पायात उतरते. बरेच जण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. पण लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय. तिथे थांबायचं नाही.

---

वाळवणाची_गच्ची

स्वयंपाकघर राहिलं. चकती मूळची इथलीच म्हणा. काकडीच्या चकत्या म्हणजे आडव्या कापलेल्या पूर्ण गोल. वांग्याचे काप जाडसर, सेंटिमीटरभर, तव्यावर परतायचे. काचऱ्या पातळ, पण गोलच असं नाही. तिन्हींना एकच शब्द लावला तर पाककृती बिघडेल.

वाळवणाच्या बटाट्याच्या चकत्यांना जुना बटाटा घ्या, नव्यात पाणी आणि साखर जास्त, तळताना लाल पडतो. दीड-दोन मिमी जाडी, सगळ्या सारख्या. किसणीवरून थेट पाण्यात पाडायच्या, नाहीतर काळ्या पडतात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा बदलायचं. मग तुरटीचा लहान खडा फिरवलेल्या पाण्यात ठेवून, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं. कडा पारदर्शक दिसल्या की काढा. जास्त शिजल्या तर उचलताना तुटतात, कच्च्या राहिल्या तर वाळून काळ्या होतात. एकमेकींवर न चढवता कडक उन्हात दोन दिवस, वाकवल्यावर कट्‌कन मोडली पाहिजे.

आणि लहान मुलासाठी उरलेल्या पिठाची छोटी भाकरी, ती चानकी. तीही चपटी आणि गोल. सूचीत नको, पण शब्द टिकावा म्हणून लिहिलं.

---

आकाश_मोजणी

आकाशात दोन शब्द, आणि ते बदलून चालत नाहीत. सूर्य-चंद्राचं दिसतं ते बिंब. प्रत्यक्षात गोळा आहे, डोळ्याला चपटं वर्तुळ दिसतं, हा फरक ‘बिंब’ या शब्दात आधीच आहे. दोन्ही बिंबं साधारण अर्ध्या अंशाची. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं, ते डोळ्यापासून सुमारे २.९ मीटरवर धरलं तर पूर्ण चंद्र बरोबर झाकला जातो. (सूर्यावर हा प्रयोग करू नये.)

आकाशगंगा मात्र खरोखरच चपटी, म्हणून तिची तबकडी. व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं, जाडी साधारण हजार, म्हणजे शंभराला एक. सीडीत हे प्रमाण तेवढंच आहे, १२० ला १.२. वर्गात सीडी दाखवली तरी चालते. सूर्य मध्यापासून कडेच्या निम्म्या वाटेवर.

---

परिभाषा_वही

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदी क्षेत्रवार केल्या: वायसर, व्हील, डिस्क (ब्रेक), तबकडी, थाळी, गादी, बिंब, चकती. ‘सरकली’ काढून टाकलं. एक राहिलं: हार्ड डिस्कच्या आतली ती चकचकीत गोल वस्तू आणि गाडीची क्लच प्लेट, या कुठे घालू?

---

सुई_आणि_खाच

हार्ड डिस्कमधली तबकडीच. तिच्यावर वाचायचं असतं. मोठ्या ड्राइव्हमध्ये ती साधारण ९५ मिमीची, ५,४०० किंवा ७,२०० आरपीएम. ७८ च्या तबकडीवर सुई टेकते, इथे हेड (माहिती वाचणारं टोक) टेकत नाही, काही नॅनोमीटर वरून तरंगतं. धुळीचा कणही त्या फटीपेक्षा मोठा. म्हणून ‘आत काय आहे बघू’ म्हणून झाकण उघडलेला ड्राइव्ह परत माहिती ठेवायला वापरू नये.

---

लेथवरचा

क्लच प्लेट ‘प्लेट’च राहू द्या. पण नोंदीत तिला दोन बाजू असतात हे लिहा. मधला हब एका बाजूला जास्त बाहेर आलेला असतो. एकेरी कोरड्या क्लचमध्ये ती बाजू बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे येते. प्लेटवर फ्लायव्हीलची (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाची) बाजू छापलेली असेल तर तीच पाळायची. उलटी बसवली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना लागतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना करकरतं. मग गिअरबॉक्स परत खाली उतरवावा लागतो. बसवण्याआधी प्लेट नुसती हाताने फ्लायव्हीलवर टेकवून फिरवून बघा, अडली तर बाजू चुकली. आणि अस्तराला ग्रीसचा हात लावू नका.